अर्ध्या मैदानात खो-खो शिकवता येतो का?

पळतीवाली:
मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. दोन वर्षांपूर्वी बँकेनं डभोईच्या पुढच्या एका गावात टाकलं. गाव म्हणजे अगदी खेडं नाही. बाजार आहे, कापसाचं जिनिंग आहे, दोन शाळा आहेत, आणि एक युवक मंडळ आहे. मंडळाच्या खोलीत कॅरम, गरब्याचे स्पीकर आणि गणपतीच्या आराशीचं थर्माकोल. युवक मात्र क्वचितच.

शाळेत असताना मी खो-खो खेळले, नववीपर्यंत. पळती, म्हणजे पकडणारीला चुकवत पळणं, बरी होती माझी. दहावीला आईनं बूट माळ्यावर टाकले, तिथेच संपलं. इथे एका संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुली विटा मांडून खेळताना दिसल्या. पाटी नाही, खांब नाही, खो म्हणताना पाठीवर असा धपाटा की खालची कळवळलीच पाहिजे. मला राहवलं नाही. पर्स कुंपणाला अडकवली आणि चुन्यानं रेघा मारायला बसले. आता सतरा मुली येतात, सहावी ते नववीच्या. मला ‘बेन’ म्हणतात. सव्वापाच ते साडेसहा, कारण पावणेसातची बस चुकली तर मग जीपमध्ये कोंबून घ्यावं लागतं.

आता अडचण. दिवाळीच्या सुट्टीत शाळेनं कार्यक्रमाच्या मांडवासाठी आमचे दोन्ही खांब उपटले आणि निम्म्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवले. साहेबांनी मला मोठ्या कौतुकानं दाखवलं, “बेन, हवे चोख्खुं लागे छे ने?” चोख्खं आहेच, फरशीसारखं आहे. त्यावर सूर कोण मारणार? तालुक्याच्या स्पर्धा आल्या की याच मुलींतल्या बारा जणींची यादी शाळेच्या नावावर जाते. बाकी अकरा महिने त्या कुठे पळतात हे कुणी विचारत नाही.

मंडळानं देवळामागची मोकळी जागा देऊ केलीय. दोरीनं मापली, साधारण 19 मीटर बाय 11. नियमाचं मैदान 27 बाय 16. त्यात जमीन काळी. पावसाळ्यात चप्पल सोडत नाही आणि उन्हाळ्यात भेगांत बोट जातं. एक लोखंडी पाइप पुरलाय, त्यावर परवा एकीचं कोपर सुजलं.

एवढ्याशा जागेत सराव करून काही हाती लागतं का? की मुलींना खोटी आशा लावतेय?

लालमाती:
ताई, आधी तो पाइप काढा. आजच. खांब लाकडाचाच हवा. जमिनीवर 120 सेंटीमीटर, जाडी नऊ-दहा सेंटीमीटर, वरची कड गोल घासलेली. पोरीनं एका हातानं खांब धरून अंग फेकलं की सगळा भार तळव्यावर आणि कोपरावर येतो. लोखंड उन्हात तापतं, घामाच्या हातातून निसटतं.

काळ्या मातीचं म्हणाल तर ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, म्हणून भेगा. वरवर लाल माती टाकून भागत नाही, पहिल्या पावसात खालची वर येते. सहा-आठ इंच काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारून दाबा, मग वर चाळलेली लाल माती. एका कडेला किंचित उतार द्या. रोलर नसेल तर ड्रममध्ये पाणी भरून लोटा, आम्ही तेच करायचो. आणि माती चाळायचं काम पोरींनाच द्या, म्हणजे काच-खडे त्यांच्याच डोळ्यांना दिसतात.

मी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात, त्या जुन्या आखाड्यात, लहानपणी जायचो. तो आखाडा चालवणाऱ्या माणिकरावांच्या नंतरचा काळ, पण त्यांचं नाव निघालं की म्हातारे सरळ बसत. तिथे मातीला पाय लावायच्या आधी हात लावायचा, असा दंडक होता.

गणवेश_खाकी:
मी व्यायामशिक्षक, दुसऱ्या तालुक्यात. शाळेची बाजू मांडतो, रागावू नका. शालेय स्पर्धेत मुलगी शाळेच्या दाखल्यावरच उतरते, मंडळाच्या नावावर नाही. त्यामुळे यादी शाळेचीच जाणार. पण खो-खो संघटनेच्या सबज्युनिअर, ज्युनिअर गटांच्या स्पर्धा वेगळ्या असतात. त्या वाटेनं जिल्हा संघटनेकडे मंडळाची नोंदणी विचारा. मग नववीनंतरही मुलीला उतरायला एक जागा राहते. तुमचं खरं दुखणं पेव्हर ब्लॉक नाही, पंधराव्या वर्षी मुली गायब होतात ते आहे, असं तुमच्या लिहिण्यावरूनच वाटलं.

अर्ध्या मैदानाचं उत्तर: येतं. एका खांबापासून मधोमध 12 मीटर, त्यात चार जणी बसतात. उठतानाची पावलं, खो दिल्यावर खाली बसणं, खांबावरचा सूर, खांबाजवळची हूल, हे सगळं तिथेच शिकतात. नाही येणार ती लांब साखळी, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळत जाणं, आणि दोन खांबांमधला दम. त्यासाठी आठवड्यातून एकदा शाळेच्या उरलेल्या मातीवर जा. परवानगी लेखी मागा, तोंडी नको.

फुकटचा_सल्ला:
खो-खो कशाला? जागा कमी आहे तर दोरीच्या उड्या शिकवा, लांब उडी शिकवा. पदक लवकर मिळतं.

लालमाती:
मिळत असेल. पण पोरी विटा मांडून काय खेळत होत्या ते वाचलं नाही का? शिवाय बडोद्यात बसून खो-खो कशाला असं विचारू नये. 1914 मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्यानं नियम बांधायला घेतले, आणि 1924 मध्ये नियमांचं पुस्तक निघालं ते आपल्या बडोद्याच्या जिमखान्यातून.

पळतीवाली:
हे पुस्तकाचं मला ठाऊक नव्हतं. काल मुलींना सांगितलं, तर एकीनं विचारलं, “त्यात वजीर होता का?” वजीर म्हणजे दिशा बदलायची मुभा असलेला पाठलाग करणारा. जानेवारी 2025 चा दिल्लीचा विश्वचषक त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिलाय. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 हरवलं, हा आकडा सगळ्यांना पाठ. त्या मॅटवरच्या खेळासारखं वजिरानं दोन्ही दिशांना पळायचं असतं, असा प्रत्येकीचा हट्ट. आमच्याकडे दिशा बदलली की फाउल, हे समजावता समजावता माझी बस गेली.

पाइप काढला. जिनिंगमधल्या एका काकांनी जुन्या तुळईचा तुकडा दिला, सुतारानं पैसे घेतले नाहीत. मुरुमाचं मंडळानं कबूल केलंय, पण नवरात्रात जागा गरब्यासाठी सोडावी लागेल. सोडू. नऊ रात्री गरबा खेळणाऱ्या मुलींना दम नाही असं कोण म्हणेल?

गणवेश साहेब, तुमचं बरोबर आहे. दुखणं पंधराव्या वर्षाचंच आहे. नववीतल्या दोघींच्या घरी गेले होते. एकीची आई सरळ म्हणाली, पुढच्या वर्षी बोर्ड. दुसरीच्या घरी चहा मिळाला, उत्तर नाही मिळालं. त्या दोघींना सध्या शिट्टी दिलीय, लहान मुलींच्या तुकड्या त्या लावतात. “अगं, तोंड कुठे आहे तुझं?” म्हणून ओरडतात, माझ्यासारखंच.

शनिवारी खांब रोवतोय. खड्डा किती खोल घ्यावा ते लालमाती काकांनी तेवढं सांगा. परवाच्या खड्ड्यात उभा करून पाहिला तर हलतोय.

लालमाती:
हात-सव्वा हात तरी घ्या. आणि भोवती नुसती माती नको, विटांचे तुकडे ठासून भरा. रोवल्यावर पहिला सूर तुम्ही मारून बघा.