मदत हवी आहे : हा गाळाचा खडक की जुनं काँक्रीट?

मंडळी, लेकीला नववीच्या प्रकल्पासाठी ज्वालामुखीजन्य आणि गाळाचा, असे दोन खडक शेजारी ठेवून तुलना करायची आहे. पहिला मिळाला, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ओळखीच्यांचं कुळागर (सुपारीची बाग) आहे, तिथला बेसॉल्ट. काळाकभिन्न, हाताला जड. लाव्हा भराभर थिजल्यामुळे कण डोळ्यांना सुटे दिसत नाहीत. वायूच्या पोकळ्यांत मात्र पांढरे ठिपके भरलेत.

अडलंय ते दुसऱ्यापाशी. जांभा सुचवू नका. चिरे अंगणात पडलेच आहेत, पण जांभा मूळ खडक जागच्या जागी कुजून होतो, वाहून आलेल्या गाळाचा नव्हे. हरमलच्या किनाऱ्यावर मुठीएवढा तुकडा मिळाला : घट्ट चिकटलेली वाळू, त्यात शिंपल्यांचे कपचे. व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे येतात. पण शिंपलेही फसफसतात आणि सिमेंटही, म्हणजे हाती काहीच लागलं नाही. थर दिसत नाहीत, आणि जवळच एक पडकी भिंत होती, म्हणून ही शंका.

घरात भिंग, चुंबक, वजनकाटा आहे. कडक अ‍ॅसिड आणणार नाही. तुकडा फोडायला हरकत नाही, सोमवारपर्यंत वेळ आहे. ताज्या फुटीवर भिंगातून नेमकं काय दिसलं, तर तो नैसर्गिक खडक म्हणता येईल?