बर्मा सागवानामागचे वॉलेस

जुन्या मुंबईतल्या लाकूड व्यापाऱ्यांचा विषय निघतो, बर्मा सागवानाच्या कपाटांचं कौतुकही होतं. मग विल्यम वॉलेस यांचं नाव यायलाच हवं. हे स्कॉटिश. १८४०च्या दशकात वॉलेस बंधूंनी मुंबईत पेढी काढली, पुढे रंगूनला लाकडाचा धंदा मांडला. तोच धंदा घेऊन १८६३मध्ये मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' उभी राहिली. भांडवलात देशी व्यापारीही होते.

काम मोठ्या चिकाटीचं. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं लाकूड गोल खाचून झाड उभ्यानेच दोन-तीन वर्षं वाळू द्यायचं. मग तोड, ओंडक्यावर हातोड्याने शिक्का, हत्तींकरवी ओढ्यात नेऊन पुराची वाट बघायची. पुढे तराफे बांधून रंगून.

त्या ओंडक्यांच्या हिशोबावरूनच १८८५मध्ये बर्माच्या राजाच्या मंडालेतल्या दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रजांना युद्धाला निमित्त मिळालं, राज्य गेलं आणि थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६मध्ये तो तिथेच वारला. थिबा पॅलेस बघायला येणाऱ्यांना ही लाकडाची बाजू कुणीतरी सांगायला हवी, असं फार वाटतं.