पळायची हौस तुमची, वर्गणी आमची?

बालाघाटी
आमच्या गल्लीतल्या कापड दुकानदारानं परवा तोंडावर विचारलं, तेच शीर्षकात दिलंय. तिथं उत्तर सुचलं नाही म्हणून इथं टाकतोय.

मी अंबाजोगाईचा, मास्तर माणूस. वीस वर्षं रोज पहाटे पळतो. मागच्या डिसेंबरात एकटाच अंबाजोगाई ते परळी पळालो, साधारण 25 किलोमीटर. त्याआधी महिनाभर दोनशे पानी वही घेऊन ओळखीपाळखीत फिरलो. किलोमीटरला किती देता बोला! कुणी 5, कुणी 10, एका मेडिकलवाल्यानं 100, आमच्या दूधवाल्यानं 1. 61 जणांचे मिळून 23,400 जमले. (वाटेत एका आजीनं थांबवून विचारलं, "वैजनाथाला नवस बोललाव का?" हो म्हणालो, समजावत बसलो असतो तर पाय आखडले असते.) त्या पैशातून एका हंगामी वसतिगृहातल्या लेकरांना बूट घेतले. आईबाप ऊसतोडीला गेले की ही लेकरं गावातच आजीजवळ राहतात आणि दोन वेळचं जेवण वसतिगृहात.

यंदा मित्र म्हणाले, मोठं करू. 212 जण पळायला आले, प्रत्येकी 600 फी, म्हणजे 1,27,200. टी-शर्ट, मेडल आणि पोहे-चहा माणशी 335 ला पडलं. मांडव, भोंगा, बॅनर, रुग्णवाहिका यात 14,000 गेले. उरले 42,180. त्यात 150 ब्लँकेटं आली.

पुढच्या वर्षी करावं का? मला वाटतं करावं. बोला.

हिशेबी_माणूस
बोलतो. शंभरातले तेहतीस लेकरांपर्यंत पोचले. सदुसष्ट तुमच्या अंगावर, गळ्यात आणि पोटात गेले. 212 मेडलं आज 212 खिळ्यांना लटकत असतील. जमलेल्या सगळ्या पैशात साडेचारशे ब्लँकेटं आली असती आणि कुणाला घामही आला नसता. तुमचा दुकानदार शहाणा आहे.

लातूरची_पहाट
गणित बरोबर, पण अर्धंच मांडलंत. ते 600 रुपये दान नव्हतेच. पळणाऱ्यानं स्वतःच्या सकाळीचे, टी-शर्टचे, पोह्यांचे पैसे दिले आणि माणशी दोनशे लेकरांना वर मिळाले. हे 212 जण एरवी घरी झोपले असते, तर ते दोनशेही आले नसते.

बालाघाटी सरांची चूक वेगळीच आहे. त्यांनी दोन गल्ले एक केले. मुंबईची मॅरेथॉन 2004 पासून चालते. तिथं प्रवेश फी वेगळी आणि संस्थेसाठी जमवलेला निधी वेगळा. पळणारा आपल्या मित्रांकडं, ऑफिसात मागतो आणि ते पैसे नोंदणी झालेल्या संस्थेला जातात, पावतीसकट. फौजा सिंग 2000 साली लंडनला पहिल्यांदा मॅरेथॉन पळाले तेव्हा 89 वर्षांचे होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी पळाले. त्यांच्या टी-शर्टचा खर्च बाळांच्या पैशातून गेला का, असं कुणी विचारलं नाही, कारण प्रश्नच आला नाही. तुमच्या वहीचंही तसंच होतं. ती वही कुठं ठेवलीत?

कोरडा_दुष्काळ
2016 आठवतंय का कुणाला? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्याच उन्हाळ्यात अंबाजोगाई तालुक्यात वॉटर कपसाठी, म्हणजे गावांच्या पाणी जिरवायच्या स्पर्धेसाठी, लोक पहाटे टिकाव-घमेलं घेऊन माळावर होते. बायका, म्हातारी माणसं, शाळेतली पोरं. तिथं पळाले असते तर किती पाणी मुरलं असतं? आवड जोपासायची तर जोपासा, समाजकार्य कशाला म्हणता.

बालाघाटी
@कोरडा_दुष्काळ त्या माळावर मीही होतो. दीड महिना. चर खोदताना कमरेत उसण भरली ती पावसाळाभर राहिली. दुसऱ्या वर्षी बोलावलं तेव्हा गेलो नाही, खोटं कशाला बोलू. पळणं मात्र वीस वर्षांत सुटलं नाही, कारण ते मला करायचंच असतं. जे माणूस कुणी न सांगता रोज करतो त्याच्या शेपटीला लेकरांचं काम बांधलं तर तेही रोज चालतं. माझं एवढंच म्हणणं आहे. कर्तव्य म्हणून केलेलं आमच्या गावात तिसऱ्या वर्षी बंद पडतं. गणेश मंडळाचं रक्तदान शिबिर बघा.

गंगाखेडकर_बुवा
मास्तरांचं पटतं. गाडगेबाबांना कीर्तनाची गोडी होती, त्या कीर्तनावरच धर्मशाळा उभ्या राहिल्या, शाळा झाल्या. नाथांची पालखी पैठणहून पंढरीला निघते, वाटेत गावोगाव पंगती उठतात. चालणाऱ्याला चालायची ओढ, वाढणाऱ्याला वाढायची. निमित्त लागतंच हो. नुसतं "द्या" म्हटलं की माणूस खिसा दाबतो.

हिशेबी_माणूस
बुवा, बाबा दिवसा खराट्यानं गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. आधी खराटा. आणि टी-शर्ट घालत नव्हते.

पाटोद्याचं_पाचट
मी कोयत्याचं, म्हणजे ऊसतोड कामगाराचं लेकरू. आई-बाप सहा महिने फडावर, मी आणि बहीण आजीजवळ. म्हणून बोलायलोय, राग मानू नका.

चौथीत असताना आमच्या शाळेत पण अशी पाहुणे मंडळी आली होती. पळत नव्हती, गाड्यांनी आली होती. आम्हाला सकाळी नऊपासून मैदानात ओळीनं बसवलं. पाहुणे साडेअकराला आले. ब्लँकेट हातात दिलं की लगेच घ्यायचं नाही, एक टोक साहेबांनी धरायचं, एक आपण, आणि क्यामेऱ्याकडं बघायचं. माझ्या वेळी फोटो हलला म्हणून परत द्यायला लावलं. परत घेतलं. बहिणीचा नंबर आला तोवर ब्लँकेटं संपली, तर एक दुसऱ्याचं घेऊन तिच्या हातात दिलं, फोटो काढला आणि काढून घेतलं. ती आता दोन लेकरांची आई आहे, अजून सांगते.

ब्लँकेट गरम होतं, नाही म्हणत नाही. पण बापावर मुकादमाची उचल होती, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, ती काही ब्लँकेटानं फिटली नाही. मास्तर, तुमच्या वाटपाचे फोटो काढले का?

केजचा_भरतीवाला
इथं सगळे आवड आवड म्हणायलेत. आमच्याकडं पळणं आवड नाही, नोकरी आहे. पोलीस भरतीत 1600 मीटरला 20 गुण. आम्ही सराव करतो त्या मैदानावर रोज पहाटे चाळीसेक पोरं असतात, त्यातल्या निम्म्यांच्या बुटांना तळवा नाही. तुमची मंडळी मैदानावरून जाताना बघतो, मनगटावर घड्याळ, पायात आठ-दहा हजाराचं बूट. कुणी थांबून विचारलं नाही की पोरा, पहिली फेरी एवढी जोरात काहून काढतो, शेवटच्या चारशेला दम काय राहील?

अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, बापानं वीटभट्टीवर काम केलेलं. 2022 ला कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं रौप्य आणलं. असं पोरगं इथंही असेल, कुणी बघितलं तर कळेल. पैसे नका देऊ, रविवारी दोन तास द्या.

लातूरची_पहाट
हे आधी कुणी का नाही बोललं? मी लातूरला हेच करायचा विचार करत होते, पण मुली मैदानावर येतात त्या अंधारात एकट्या. त्यांना 800 मीटर असतं. दोन बायका सोबत पळाल्या तरी घरचे पाठवतील.

कोरडा_दुष्काळ
ह्याला माझी हरकत नाही. ह्यात टी-शर्ट नाही.

बालाघाटी
ठरवलंय ते सांगतो. मोठी रेस बंद नाही करणार, पण टी-शर्ट-मेडल ज्याला हवं त्यानं वेगळे पैसे भरून घ्यावं, आणि फी फक्त पोहे, पाणी, रुग्णवाहिका एवढ्यापुरती. लेकरांसाठी वही परत काढली. @केजचा_भरतीवाला, येत्या रविवारी साडेपाचला मैदानावर येतो, घड्याळ घेऊन. जुने बूट आमच्याकडं चार जोड निघाले, तीन बरे आहेत. एकाचा तळवा माझ्याकडूनच गेलाय.

पण @हिशेबी_माणूस, साडेचारशे ब्लँकेटांचं गणित अजून मान्य नाही. ते 1,27,200 तुम्ही दारोदार जाऊन जमवून दाखवा.

हिशेबी_माणूस
दारोदार तुम्ही फिरा, तुमचे पाय बरे आहेत. वहीत माझं नाव लिहा, किलोमीटरला 20. परळी गाठली नाही तर एक रुपयाही नाही.

पाटोद्याचं_पाचट
मास्तर, फोटोचं विचारलं होतं.