बाबांच्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात, ‘म्हाताऱ्या पेशी’ काढणाऱ्या कॅप्सूल द्याव्यात का?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. बाबा ७२ वर्षांचे. बीपीचा वरचा आकडा १६० च्या पुढे, खालचा मात्र ७० च्याही आत. डॉक्टर म्हणाले, वयामुळे रक्तवाहिन्या कडक झाल्यात. बाबांनी आयुष्यात कधी तंबाखूला हात लावला नाही, तलावपाळीची फेरीही चुकवत नाहीत. त्यामुळे ‘वय’ एवढं उत्तर त्यांना पटेना, म्हणून मी वाचायला घेतलं.

पेशी ठरावीक वेळाच विभागतात हे अमेरिकी शास्त्रज्ञ हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा. दर विभाजनात गुणसूत्रांच्या टोकांवरची संरक्षक टोपणं, म्हणजे टेलोमिअर, झिजतात आणि शेवटी पेशी थांबते. पण अशी थांबलेली ‘म्हातारी’ पेशी मरत नाही! तिथेच बसून दाह वाढवणारे पदार्थ सोडते, शेजारच्या चांगल्या पेशींनाही बिघडवते. रक्तवाहिनीच्या अस्तरात हे झालं की नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वाहिनी नीट सैल होत नाही. भिंतीला लवचीक ठेवणारं इलास्टिन तुटतं, ताठर कोलॅजन वाढतं, कॅल्शियम साचतं. महाधमनी ताणली जात नाही, म्हणून वरचं बीपी चढतं आणि खालचं उतरतं. बाबांचे आकडे अगदी असेच आहेत.

आता आतेभावाने ऑनलाइन क्वेर्सेटिनच्या कॅप्सूल मागवल्यात. ‘डासाटिनिब’ही मिळतं का बघतोय. या दोन्हींनी थकलेल्या पेशी निघून जातात म्हणे. बाबा बीपीची आणि रक्त पातळ करण्याची गोळी घेतात. मला फार काळजी वाटतेय. कुणाला माहिती आहे का?

प्रतिसाद:
ताई, डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे. त्याने छातीत पाणी होऊ शकतं, प्लेटलेट्स कमी होतात, रक्तस्राव होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना तर मुळीच नको. उंदरांमध्ये अशा पेशी काढल्यावर धमन्यांतले चरबीचे थर कमी झाले, हे खरं. माणसांवरचे अभ्यास मात्र अजून लहान आहेत. क्वेर्सेटिन कांद्यातही असतं, पण कॅप्सूलमधली मात्रा त्याच्या कितीतरी पट, आणि इतर औषधांचा परिणाम त्याने बदलू शकतो. बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवा. उठताना चक्कर येते का, तेही सांगा. खालचा आकडा कमी असल्याने बीपीच्या गोळीचा डोस डॉक्टरांना बेतानेच वाढवावा लागेल.