कच्च्या डेनिमची जीन्स पावसाळ्यात धुवावी की नाही?

प्रश्न

नुकतीच कच्च्या डेनिमची, म्हणजे विणल्यापासून एकदाही न धुतलेल्या कापडाची, १४ औंसांची (हे चौरस वारामागे कापडाचे वजन) जीन्स घेतली आहे. लेबलवर सॅन्फराइज्ड, म्हणजे आधीच आटवलेले कापड, असे लिहिले आहे. निदान सहा महिने पाणी लावू नका, म्हणजे मांडीवर आणि गुडघ्यामागे घड्यांच्या फिक्या रेषा ठळक उमटतील, असे दुकानदाराने बजावले आहे. मात्र मी रोज डोंबिवलीहून लोकलने कामावर जातो, जून तोंडावर आला आहे आणि कमरपट्टीला आत्ताच घामाचा वास येऊ लागला आहे. रंग पक्का होण्यासाठी मिठाच्या पाण्यात भिजत घाल, असे आई म्हणते. मित्र फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मिठाचा उपाय इथे लागू पडणार नाही. डेनिमचा ताणा, म्हणजे उभे धागे, इंडिगो या निळ्या रंगाने रंगवलेला असतो आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, पांढराच ठेवतात. रंगवताना सूत पिवळसर-हिरव्या द्रावणात बुडवून हवेत धरतात, हवा लागताच ते निळे होते, आणि असे पुन्हा पुन्हा केल्याने रंगाचे थर धाग्याच्या बाहेरच्या अंगाला साचत जातात. गाभा मात्र पांढराच राहतो. निळा झालेला इंडिगो पाण्यात विरघळत नाही, तो केवळ धाग्याला धरून बसलेला असतो, आणि म्हणूनच घर्षणाने निघतो. मीठ, तुरटी वा व्हिनेगर यांनी ही पकड वाढत नाही. ज्या रेषांसाठी एवढा खटाटोप चालतो, त्या याच कच्चेपणातून येतात. सुटा रंग निघून जाईपर्यंत फिक्या रंगाच्या सोफ्यावर बसताना जपावे.

फ्रीजरचेही तेच. थंडीने बहुतेक जिवाणू मरत नाहीत, नुसते सुस्तावतात. जीन्स अंगात घातली की पुन्हा कामाला लागतात. घाम आणि मळ तर जागचा हलतही नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. सहा महिन्यांचा दंडक थंड, कोरड्या हवेतल्या हौशी लोकांकडून आपल्याकडे आला आहे. त्याच्या समर्थनार्थ कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचा २०११ चा प्रयोग सांगितला जातो: एका विद्यार्थ्याने पंधरा महिने न धुता वापरलेल्या जीन्सवर जेवढे जिवाणू आढळले, साधारण तेवढेच ती धुऊन १३ दिवस वापरल्यावरही आढळले. पण ते विद्यापीठ ज्या शहरात आहे त्या एडमंटनची हवा कुठे आणि जुलैतली सकाळची फास्ट लोकल कुठे! आपल्याकडे खरी भीती बुरशीची आहे. कच्च्या कापडात ताण्याला दिलेली खळ शिल्लक असते, आणि ओलसर कपाटात खळीच्या कापडावर बुरशी लवकर धरते. तिचे काळे ठिपके नंतर निघत नाहीत.

तेव्हा वास येऊ लागला की धुवावी. बटणे लावून जीन्स उलटी करावी आणि मोठ्या टबात, घडी न पडेल अशी, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारा सौम्य द्रव साबण किंवा रिठ्याचे पाणी पुरते; ब्लीच असलेली पावडर टाळावी. कमरपट्टी आणि जांघेचा भाग हाताने चोळावा, बाकी कापड नुसते दाबावे. धोपटणे, ब्रश मारणे आणि पिळणे पूर्णपणे वर्ज्य, कारण ओल्या जाड कापडाला घडी पडली की त्या कडेवरचा रंग घासला जाऊन वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा उमटतात. मशिनमध्येही नेमके हेच होते. पाणी निळेशार होईल. तो सुटा रंग आहे, घाबरू नये. पाणी निथळू द्यावे आणि जीन्स कमरेकडून टांगून पंख्याखाली वाळवावी. पावसाळ्यात एवढे जाड कापड वाळायला दोन दिवसही लागतात.

प्रतिसाद ३

थोडा मतभेद नोंदवतो. पहिल्याच पाण्यात खळ निघून कापड मऊ पडते, आणि मऊ कापडावर घड्या तितक्या ठसठशीत बसत नाहीत. पण वास आता आलाच आहे, म्हणून शक्य असल्यास पावसाळाभर ही जीन्स धुऊन, नीट वाळवून ठेवून द्यावी आणि हिवाळ्यात सलग वापरावी.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. धुतल्यावर आटेल का, एवढेच विचारायचे राहिले. कमरेला आत्ताच नेमकी बसते.

प्रतिसाद २

सॅन्फराइज्ड कापड कारखान्यातच आटवलेले असते, त्यामुळे आणखी एक ते तीन टक्केच आटेल. तसे नसते तर सात ते दहा टक्क्यांची तयारी ठेवावी लागली असती. कमरपट्टी घातल्यावर पुन्हा सैलावते, लांबी मात्र सैलावत नाही. म्हणून पायाची लांबी कमी करायची असल्यास पहिल्या धुण्यानंतरच शिंप्याकडे न्यावी.