चार नंबरचा हायवे आणि वडगावचं शिवार

एका दादांनी लिहिलंय की सुवर्ण चतुष्कोन (दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारी महामार्ग योजना) झाला तेव्हाच बेळगावला राष्ट्रीय महामार्ग मिळाला. तसं नाही. पुणे-बेंगळूर रस्ता त्याच्या कितीतरी आधीपासून राष्ट्रीय महामार्ग ४ होता. १९९९ मध्ये वाजपेयींनी ज्या चतुष्कोन योजनेची पायाभरणी केली, त्या ५,८४६ किलोमीटरमधल्या मुंबई-चेन्नई बाजूत हाच रस्ता आला आणि चौपदरी झाला. २०१० च्या नव्या क्रमांकांत तो ४८ झाला. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, आडव्यांना विषम. खानापूर, अनमोडवरून गोव्याला जाणारा पूर्वीचा '४ अ' आता ७४८ आहे, म्हणजे ४८ ची शाखा. निपाणीकडची जुनी माणसं मात्र अजून चार नंबरचा हायवेच म्हणतात.

चौपदरीकरणाचा फायदा मी नाकारत नाही. तवंदी घाटात उसाच्या ट्रकमागं तासभर रखडलेले दिवस मला आठवतात.

पण बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासबद्दल कुणीतरी लिहिलेलं "चार शेतकऱ्यांनी अडवलं" हे वाचून फार वाईट वाटलं. ती जमीन तिबार पिकाची आहे. तिथंच वडगावच्या शिवारात मामांचा बासमतीचा तुकडा होता. साळ पोटरीला आली की बांधावर उभं राहिलं तरी वास यायचा. उभ्या पिकात यंत्र शिरलं त्या दिवशी मामी बांधावरच बसून राहिल्या, घरी यायलाच तयार नव्हत्या. कोर्टात गेलेली ही माणसं रस्त्याच्या विरोधात नव्हती हो, पिकाऊ जमीन सोडून दुसरीकडून न्या एवढंच त्यांचं म्हणणं होतं.