मध्यम लहरी मोडीत काढून सगळं एफएम करावं का?

घाटमाथा:
परवा मामाच्या गावी गेलो होतो, वरंध घाटाखाली. भोर मागे पडलं तसं गाडीतलं एफएम तुटायला लागलं आणि घाटात पार मुकं झालं. मामाच्या ओट्यावर मात्र दोन बँडचा जुना ट्रान्झिस्टर पुणे केंद्रावर, ७९२ किलोहर्ट्झवर, मजेत बोलत होता. म्हणून म्हणतो, एएमची, म्हणजे मध्यम लहरींवरची, केंद्रं बंद करून एफएमचे मनोरे उभारा हा जो सूर लागलाय तो शहरी आहे. ७९२ ची लहर जवळजवळ ३७९ मीटर लांब. ती जमिनीच्या अंगाने सरपटत डोंगराला वळसा घालते. एफएमची लहर जेमतेम ३ मीटर, नाकासमोर चालणारी. १०० मीटर उंच मनोऱ्यावरून सपाटीला ती ४० किलोमीटर जाईल. सह्याद्रीत तेवढी सपाटी दाखवा.

सोल्डरवाला:
बातम्या ठीक आहेत हो, पण त्या ट्रान्झिस्टरवर कधी सतार ऐकलीत? एएमला केंद्रामागे ९ किलोहर्ट्झची गल्ली, म्हणजे आवाज साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास कापलेला. एफएमवर १५ हजारांपर्यंत जातो. आणि खरखर? एएममध्ये आवाज वाहक लहरीच्या, म्हणजे तो वाहून नेणाऱ्या मूळ लहरीच्या, उंचीवर बसवतात. वीज कडाडली किंवा शेजारणीने मिक्सर लावला की त्याचीही भर त्याच उंचीत पडते. रेडिओला बिचाऱ्याला काय कळणार, चटणी कुठली आणि गाणं कुठलं! एफएममध्ये उंची कायम, लहरी दाट-विरळ होतात. वरचा खडबडीतपणा रेडिओतला लिमिटर नावाचा भाग छाटून टाकतो. एफएमचा जनक आर्मस्ट्राँग या खरखरीच्याच मागे लागला होता, १९३३ साली पेटंटं मिळाली त्याला.
शिवाय विजेचा हिशेब. १०० टक्के मॉड्युलेशन केलं, म्हणजे लहरीवर आवाज पूर्ण जोराने बसवला, तरी एएमची दोन तृतीयांश शक्ती नुसत्या वाहक लहरीत जाते, आणि तिच्यात आवाजाचा कणही नसतो.

घाटमाथा:
ती लहर फुकट जात नाही. ती सोबत येते म्हणूनच आवाज वेगळा काढायला एका डायोडवर (वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या तुकड्यावर) काम भागतं आणि रेडिओ स्वस्त होतो. शाळेत डायोडच्या जागी गॅलेना या खनिजाचा खडा लावून बिनसेलचा रेडिओ आम्ही केलाय. एफएमचा करून दाखवा.

मधली_आळी:
विमानं अजून एएमवरच बोलतात, हे कुणी का सांगत नाही? एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरकस असेल तो दुसऱ्याला गिळतो, दुसरा बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. एएमवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून किंचाळतात, पण विमानतळावरच्या कंट्रोलरला निदान कळतं की आणखी कुणीतरी बोलतंय. तिथे गोडव्यापेक्षा हे मोलाचं.

सोल्डरवाला:
मधली_आळी, तुम्ही माझंच काम सोपं केलंत. विमानांचं एएम चालतं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झला, एफएमच्या पट्ट्याच्या थोडंच वर. ते कुठे वळतंय डोंगराला? तेही नाकासमोरच जातं. घाटमाथा, वळसा घालणं हे एएमचं कर्तृत्व नाही, मध्यम लहरींचं आहे. दोन वेगळ्या गोष्टींची तुम्ही मोट बांधलीत.

घाटमाथा:
बरं, मोट सोडली. मग तुमचं एफएम मध्यम लहरींवर आणा की! त्याला केंद्रामागे २०० किलोहर्ट्झ लागतात. मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. पाच केंद्रांत अख्खा पट्टा संपला. मुंबई, पुणे, नागपूर, रत्नागिरी, सांगली झाली की परभणीने काय करायचं? म्हणजे त्या पट्ट्यावर एएमच हवं ना?

सोल्डरवाला:
हे मान्य. किंवा डिजिटल, पण त्याचे रेडिओ आहेत कुणाकडे?

निवांत_नाना:
तुम्ही दोघं भांडा. मी रात्री दहानंतरचा माणूस. दिवसा मध्यम लहरी शोषणारा वातावरणातला थर अंधार पडला की विरतो, मग लहरी वरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. ठाण्यात बसून कुठली कुठली केंद्रं लावली आहेत! हल्ली मात्र नुसता घूं घूं आवाज. मला वाटतं सगळी बंदच पडली.

घाटमाथा:
नाना, रेडिओ कुठे ठेवता?

निवांत_नाना:
फ्रिजवर. शेजारी इन्व्हर्टर, वर एलईडी ट्यूब.

घाटमाथा:
तिथून हलवा आधी. खिडकीत ठेवा, ट्यूब आणि मोबाइलचा चार्जर बंद करा. मग रेडिओ आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. आतला फेराइटचा दांडा, म्हणजे रेडिओची अँटेना, केंद्राच्या दिशेला टोक करून असला की आवाज पडतो, काटकोनात आला की वाढतो. खरखरीचंही तेच, ती जिकडून येते तिकडे दांड्याचं टोक करायचं.

निवांत_नाना:
केलं. इन्व्हर्टरही बंद केला, बायको ओरडतेय. पूर्व-पश्चिम धरल्यावर घूं घूं गेली. गुजरातीत भजन चाललंय, मध्येच बुडतं आणि परत वर येतं. केंद्राचं नाव सांगेपर्यंत थांबतो.